आधी पिल्लू वाचवा : झाशीच्या परसातली कोंबडी, अंडी आणि मांस

झाशी शहरात शेतीसंशोधनाच्या तीन केंद्रीय संस्था आहेत. गवत आणि चाऱ्यावर काम करणारी संस्था १९६२ सालची, कृषिवानिकीची १९८८ सालची आणि राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ २०१४ च्या कायद्याने उभे राहिलेले. बांधावरचे झाड, कुरणातले गवत, हरभरा, मसूर, तीळ या सगळ्यांवर इथे वर्षानुवर्षे काम चालले आहे. कोंबडीचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था मात्र दूर रोहिलखंडात, बरेलीजवळच्या इज्जतनगरला आहे. झाशीच्या विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालयही झाशीत नाही, मध्य प्रदेशातल्या दतियाला आहे. तरी बबीना, मोंठ, मऊरानीपूर, गरौठा या भागांतल्या वस्त्यांवर उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्या दिसतातच. सरकारी योजनेची वाट न पाहता त्या पिढ्यान्पिढ्या तिथे आहेत.

मराठी वाचकाचे झाशीशी नाते किल्ल्याचे आणि राणीचे. परसातल्या कोंबडीच्या बाबतीत मात्र बुंदेलखंड आणि आपला खानदेश, मराठवाडा यांचे प्रश्न जवळपास एकच आहेत : थोडी कोरडवाहू जमीन, कडक उन्हाळा, हातात रोख पैसा कमी आणि घरामागे पाच-दहा कोंबड्या. म्हणून झाशी समोर ठेवून हा सगळा प्रश्न एकदा नीट तपासणे उपयोगाचे आहे. परसात कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी, मांसासाठी, की दोन्हींसाठी? आणि ‘दोन्हींसाठी’ म्हणणाऱ्याच्या पदरात खरोखर काय पडते?

कोंबडीची वाटणी

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला नसता. कोंबडी अंडी देई, कोंबडा कापला जाई आणि अंडी थांबली की कोंबडीही रश्श्यात जाई. ऱ्होड आयलंड रेड, प्लिमथ रॉक, ऑस्ट्रेलॉर्प या परदेशी जातीही अशाच दुहेरी कामाच्या होत्या. मिशनरी, लष्करी छावण्या आणि सरकारी फार्म यांच्यामार्फत त्यांतल्या काही उत्तर हिंदुस्थानात आल्या. त्या वेळच्या संयुक्त प्रांतात एटा इथल्या अमेरिकन मिशनचे कोंबडीपालन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नावाजलेले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ नावाच्या स्पर्धा भरल्या. १९४८ च्या राष्ट्रीय अंतिम फेरीत रुंद छातीचा, झटपट वाढणारा पक्षी पहिला आला आणि मांसाच्या कोंबडीचा वंश वेगळा निघाला. तिकडे अंड्यांसाठी व्हाइट लेगहॉर्नच्या हलक्या, कमी खाणाऱ्या संकरांची निवड चालू राहिली. याचे कारण जीवशास्त्रात आहे. वेगाने वाढणे आणि जास्त अंडी देणे हे दोन गुण एकमेकांच्या उलट ओढतात. एकाची निवड केली की दुसरा मागे पडतो. आज पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाणारा ब्रॉयलर आणि वर्षाला तीनशेहून जास्त अंडी देणारी लेअर हे नावापुरते एकाच प्रजातीचे पक्षी उरले आहेत.

भारतात या वाटणीचा इतिहास मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे या उद्योगाचे केंद्र झाले. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली आणि अंड्याचा भाव रोज जाहीर होऊ लागला. पोल्ट्री म्हणजे शेड, मका-सोयाचे खाद्य आणि उत्पादन खर्चात दोन तृतीयांश वाटा खाद्याचा, हे समीकरण याच काळात पक्के झाले.

या वाटणीची एक बाजू सहसा दिसत नाही. लेअरच्या पिल्लांत निम्मे नर निघतात. ते अंडी देत नाहीत आणि मांसालाही लवकर येत नाहीत, म्हणून जगभर दरवर्षी काही अब्ज नर पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच मारली जातात. जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून त्यावर बंदी घातली आणि पाठोपाठ फ्रान्सनेही. आपल्याकडे ही पिल्ले आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगात बुडवून पाच-दहा रुपयांना मुलांच्या हातात दिली जातात. त्यांतली काही कुणी तरी वाढवतो आणि पुढे ‘देशी’ म्हणून विकतो. युरोपात आज दुहेरी कामाच्या कोंबडीची पुन्हा चर्चा होते ती या नर पिल्लांमुळे. आपल्या परसात ती कोंबडी कधी बंदच झाली नव्हती.

देशी कोंबडीचे वर्ष

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ८५ कोटी भरली. त्यांतली जवळपास ३२ कोटी परसातली होती. २०१२ नंतरच्या सात वर्षांत परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली, व्यावसायिक पक्ष्यांची मात्र पाच टक्क्यांहूनही कमी. देशाच्या एकूण अंड्यांत परसाचा वाटा तरीही साधारण सातवा हिस्साच आहे. पक्षी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आणि अंडी इतकी थोडी, म्हणून सरकारी कागदोपत्री परसातली कोंबडी ‘कमी उत्पादक’ ठरते.

हा शिक्का घाईने मारलेला आहे. देशी कोंबडी एका खेपेला बारा-पंधरा अंडी देते आणि मग खुडूक होते. तिला रवणावर बसवले की एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात, पुढचे दोनेक महिने ती पिल्लांमागे असते आणि मग पुन्हा अंड्यावर येते. वर्षाकाठी असे तीनेक फेरे होतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अंडी. पिल्ले काढू दिली नाहीत तर साठपर्यंत.

एक ढोबळ हिशेब मांडू. भाव गावोगाव वेगळे असतात, म्हणून हे आकडे केवळ तुलनेपुरते. गावरान अंडे दहा रुपयांना गेले आणि साठच्या साठ विकली, तर कोंबडीमागे वर्षाला सहाशे रुपये. त्याऐवजी तीन रवणांत मिळून छत्तीस अंडी बसवली आणि शंभरात ऐंशी फुटली, तर एकोणतीस पिल्ले झाली. पाच-सहा महिन्यांचा पक्षी साडेतीनशे रुपयांना धरला, तर चौथा हिस्सा वाचला तरी सात पक्षी, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. शंभरात सत्तर वाचले तर वीस पक्षी आणि सात हजार. वीस पक्ष्यांना परसातला किडा-दाणा पुरत नाही, वरून दाणा घालावा लागतो. त्याचे दोन-अडीच हजार वजा केले तरी साडेचार हजारांच्या वर हातात राहतात.

दोन गोष्टी या हिशेबातून उघड होतात. गावातली बाई घरची अंडी खायला किंवा विकायला फारशी काढत नाही, याला अनेक पाहणीकार अज्ञान समजतात. तिचा हिशेब बरोबर आहे : पिल्लांचा तीन चतुर्थांश घास मृत्यूने घेतला तरी अंडे विकण्यापेक्षा बसवणे फायद्याचे ठरते. आणि उत्पन्नातला मोठा फरक पडतो तो अंड्यांच्या संख्येने नाही, जगलेल्या पिल्लांच्या संख्येने. कोंबडी वर्षाला पंचेचाळीसऐवजी नव्वद अंडी देऊ लागली आणि पिल्ले तशीच मरत राहिली, तर घराला फार काही मिळत नाही.

‘अंडी की मांस’ हा पेचही इथे सुटतो. रवणातून निघालेल्या पिल्लांत निम्मे नर असणारच. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. महाराष्ट्रात तलंगा गट वाटपाच्या योजनेत पंचवीस तलंगांमागे, म्हणजे तरुण कोंबड्यांमागे, तीन नर देतात, ते याच प्रमाणाने. बाकीचे कोंबडे मांसाचे. परसात अंडे आणि मांस यांतून निवड करावी लागत नाही. उरलेला कोंबडा कधी आणि किती वजनाला विकायचा, एवढेच ठरवायचे असते.

सुधारित जातींचा आढावा

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ‘दिसायला देशी, उत्पन्नाला जास्त’ असे बरेच पक्षी तयार झाले. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा महाराष्ट्रात सर्वांत आधी पोचली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा काढली, जी मांसाकडे झुकते, आणि ग्रामप्रिया, जी अंड्यांकडे झुकते. इज्जतनगरच्या संस्थेने वेगवेगळ्या हवामानांकडे पाहून चार संकर तयार केले : असीलपासून निर्भीक, कडकनाथपासून श्यामा, उघड्या मानेच्या जातीपासून हितकारी आणि कुरळ्या पिसांच्या जातीपासून उपकारी. उघडी मान आणि कुरळी पिसे या दिसण्याच्या लहरी नव्हेत. पिसे कमी किंवा विरळ असली की अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. झाशीच्या उन्हाळ्यात हा गुण किलोभर जास्त वजनापेक्षा मोलाचा आहे.

खासगी बाजूला कुरॉयलरची कहाणी सांगण्यासारखी आहे. विनोद कपूर यांच्या केग फार्म्सने १९९० च्या दशकात हा पक्षी बाजारात आणला. कंपनी एक दिवसाची पिल्ले गावातल्या छोट्या संगोपकांना देई. ते तीनेक आठवडे त्यांना ऊब आणि लस देऊन वाढवीत आणि मग सायकलवरचे फेरीवाले ती दारोदार विकत. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ईशान्य भारत असा हा पक्षी पसरला आणि पुढे युगांडातही गेला. त्याच्या यशाचे श्रेय बहुतेक लोक जातीला देतात. मला त्यातले अर्धे श्रेय मधल्या संगोपकाचे वाटते. गावातल्या बाईच्या हातात पिल्लू पडले तेव्हा त्याचे सर्वांत नाजूक दिवस सरलेले होते. बांगलादेशात १९८० च्या दशकापासून ब्रॅक या संस्थेने आणि सरकारने महिलांमार्फत जी साखळी उभारली, तिच्यातही पिल्ले वाढवणारी बाई वेगळी आणि अंड्याची कोंबडी सांभाळणारी वेगळी होती. आपल्या केंद्रीय योजनेतही चार आठवडे वाढवलेली पिल्लेच गरीब कुटुंबाला वीस, पंधरा आणि दहा अशा टप्प्यांनी देण्याची पद्धत आली, ती याच अनुभवातून.

या पक्ष्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वनराजा किंवा ग्रामप्रिया परसात वर्षाला शंभर ते दीडशे अंडी देते, पण खुडूक होणे तिच्यातून जवळजवळ काढून टाकलेले असते, म्हणून ती रवणावर बसत नाही. शिवाय हे संकर असल्याने त्यांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईबापांसारखी उतरत नाही. म्हणजे दर खेपेला पिल्ले विकत आणायची. पिल्लांचा पुरवठा नियमित असलेल्या तालुक्यात हे चालते. जिथे वर्षातून एकदा योजनेची गाडी येते, तिथे वर्ष-दोन वर्षांत खुराडे पुन्हा रिकामे. भारी पक्षी उडू शकत नाही आणि मांजर, कोल्हा यांच्या तोंडी लवकर जातो, हेही सुधारित पक्षी पाळलेल्यांना ठाऊक आहे. म्हणून अनेक जाणत्या घरांत दोन-तीन देशी कोंबड्या फक्त रवणासाठी ठेवतात आणि सुधारित कोंबडीची अंडी त्यांच्याखाली घालतात.

आपली स्वतःची जात विसरू नये. नंदुरबार-नवापूर आणि लगतच्या गुजरातेत आदिवासींनी सांभाळलेली बुसरा ही नोंदणी झालेली देशी जात आहे. पक्षी लहान, अंडी थोडी, पण रवणाला पक्की. बुंदेलखंडातल्या परसातल्या कोंबड्यांची तशी ओळख अजून कुणी उभी केलेली नाही. झाशी-दतियाच्या विद्यापीठाला हे काम सहज करता येण्यासारखे आहे.

कडकनाथाचा धडा

देशी कोंबडीची चर्चा आजकाल कडकनाथावर येऊन थांबते. झाबुआ-धार भागातल्या भिल्ल, भिलाला लोकांची ही काळी कोंबडी. मांस, हाडे, कातडी सगळे काळपट, म्हणून तिकडे तिला कालामासी म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. पक्षी काटक आहे, ऊन सोसतो, मांसाला भाव येतो. पण वाढ सावकाश, अंडी वर्षाला ऐंशीच्या घरात आणि रवणावर बसण्याबाबत बेभरवशाचा.

भाव गगनाला भिडले तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर परिसरातून एक योजना पसरली : आम्ही पिल्ले देतो, तुम्ही वाढवा, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या दराने परत घेऊ. २०१९ साली ती कोसळली आणि राज्यभरातल्या हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कडकनाथाचा त्यात दोष नव्हता. खाणारा कोण आणि तो वर्षभर किती खाणार, हे न विचारता केवळ पुढच्या पाळणाऱ्याला पिल्ले विकण्यावर तो डोलारा उभा होता. झाशी जिल्ह्याला मध्य प्रदेश लागून आहे, त्यामुळे झाबुआचे पिल्लू तिथे पोचणे अवघड नाही. पोचले तर घरच्या चार पक्ष्यांत एक-दोन म्हणून ते उत्तम. सगळे खुराडे काळे करण्याआधी गिऱ्हाईक मोजावे.

बाजारातल्या ‘गावरान’ या नावाबद्दलही सावध राहिलेले बरे. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि इजिप्तची फायूमी कोंबडी यांचा सोनाली नावाचा संकर बांगलादेशातून भारतातही पसरला आहे. तो शेडमध्ये तयार खाद्यावर दोन-अडीच महिन्यांत वाढतो आणि गावरान म्हणून खपतो. चव ओळखणाऱ्याला फरक कळतो. खरा परसातला कोंबडा सहा महिने चालला-उडालेला असतो, त्याच्या स्नायूंतले कोलॅजन घट्ट झालेले असते, म्हणून त्याला तास-दीड तास शिजवावे लागते आणि म्हणूनच त्याचा रस्सा दाट होतो.

बुंदेलखंडी ऊन आणि पंचांग

झाशीत मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि जानेवारीत धुके आणि कडाका. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापा टाकते आणि मुख्यतः त्यानेच अंग थंड ठेवते. चाळिशीच्या पुढे अंडी घटतात, कवच पातळ होते, कोंबड्याची फलनशक्ती उतरते. रवणासाठी जमवलेली अंडी पंचवीस-तीस अंशांवर पडून राहिली तर गर्भ आतल्या आत अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. उन्हाळी रवण फसते ते बहुतेक याच कारणाने. त्यावर सोपा उपाय आहे : रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, तिच्यावर फडके, त्यावर अंडी आणि अंड्यांचे वय तीन-चार दिवसांहून जास्त नको. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडासमोर अंडे धरून रिकामे आणि भरलेले वेगळे करता येते. रिकामे वेळेवर काढले तर निदान जनावरांच्या पोटात तरी जाते.

इथले चांगले पिल्लू हिवाळ्याचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रवण घातले तर थंडी पडेपर्यंत पिल्लांना पिसे फुटतात, चणा-मसूर-गव्हाच्या काढणीत सांडलेला दाणा मिळतो आणि कोंबडे होळीला विकायच्या वजनाला येतात. होळीनंतर दोन आठवड्यांत चैत्री नवरात्र लागते आणि मागणी बसते, म्हणून गिऱ्हाईक होळीचेच धरावे. दुसरा टप्पा पावसाळ्याचा. तिथे एक गोष्ट मराठी घरांना लक्षात ठेवावी लागते : उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे तिकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. महाराष्ट्रात आषाढाच्या शेवटी आखाडाच्या जेवणांना कोंबड्यांचा भाव चढलेला असतो, तेव्हा झाशीत बाजार आधीच थंडावलेला असतो. आणि तापायच्या आधी, एप्रिल उजाडण्यापूर्वी, खुराड्यातली गर्दी निम्म्यावर आणणे हेच शहाणपण.

खाद्याचेही तसेच. कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणे लागते. परसात त्यातले बरेचसे ती स्वतः मिळवते, पण परसाची ऐपत ठरलेली असते. सात-आठ पक्ष्यांना पुरणारा उकिरडा वीस पक्ष्यांना पुरत नाही. बुंदेलखंडातल्या राकड, परुआ या लाल जमिनींत वाळवी भरपूर. शेण-पाचोळा भरलेले मडके ओलसर जागी उपडे ठेवले की रातोरात वाळवी जमते. पिल्लांना याहून चांगले प्रथिन फुकट मिळणे कठीण. त्यात घरची कनकी, डाळीची चुनी, भाजीची देठे आणि अंड्यांवरच्या कोंबडीला चुनखडीचा किंवा शिंपल्यांचा चुरा. तयार खाद्य विकत घेऊन गावरान कोंबडी वाढवायला गेले की परसाचा फायदा संपला. मग ब्रॉयलरच बरा.

मृत्यू कुठे होतो

पिल्ले मरतात ती मुख्यतः पहिल्या दोन महिन्यांत आणि त्याची कारणे मोजकी आहेत : घार, कावळा, मांजर, मुंगूस, थंडी आणि ओल, भूक, आणि राणीखेत. शेवटचा रोग १९२० च्या दशकात कुमाऊंतल्या त्याच नावाच्या गावावरून भारतात ओळखला गेला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. तो येतो तेव्हा आठवड्यात गावातली निम्म्याहून जास्त खुराडी मोकळी करतो.

लस आहे, स्वस्त आहे, तरी ती पोचत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी टोचणी, एवढे पुरते. अडचण कुपीची आहे. एका कुपीत शेकडो पक्ष्यांची लस असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची मालकीण ती कशी घेणार? यावर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या पीटर स्प्रॅडब्रो यांच्या गटाने आय-टू नावाची उष्णता सोसणारी लस विकसित केली आणि आफ्रिका-आशियातल्या खेड्यांत ती कामी आली. लस कुठलीही असो, तोडगा एकच : गावातल्या सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी. गावातलीच एखादी बाई ‘लसवाली’ म्हणून शिकवली आणि पक्ष्यामागे रुपया-दोन रुपये तिला मिळाले की हे काम टिकते.

बाकीच्या कारणांवर तर फारसा पैसाही लागत नाही. पहिले चार आठवडे आईसह पिल्ले डालग्याखाली, दाणा-पाणी जागेवर. ऊब देणारी आई नसेल तर पिल्लामागे दोन वॅट या हिशेबाने दिवा. रात्री जमिनीपासून उंच, जाळीचे, कोरडे खुराडे. एवढ्याने पंचवीस टक्के पिल्लांऐवजी साठ-सत्तर टक्के वाचतात.

बर्ड फ्लूची भीती वेगळ्या जातीची. भारतात तो पहिल्यांदा २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला आणि लवकरच जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांतही. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला आणि तिकडे कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात. नियमाप्रमाणे बाधित ठिकाणाभोवतालच्या एक किलोमीटरमधले सगळे पक्षी मारले जातात. त्यात शेडच्या मालकाबरोबर चार कोंबड्यांची मालकीणही येते आणि नुकसानभरपाईची कागदपत्रे तिच्यापाशी सर्वांत कमी असतात. मेलेला पक्षी उघड्यावर न टाकता पुरणे आणि एकदम मर झाली तर दडवून न ठेवता दवाखान्यात कळवणे, हे तिला शिकवायचे असेल तर भरपाई वेळेवर हातात पडली पाहिजे. नाही तर ती आजारी कोंबडी त्याच रात्री बाजारात जाते.

कोंबडी कुणाची

म्हैस घराची असते, कोंबडी घरातल्या बाईची. तिच्या पैशाचा हिशेब सहसा कुणी मागत नाही : मुलाचे दप्तर, औषध, माहेरचा आहेर. याच मालकीच्या बळावर मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या केसला इथे प्रदान संस्थेने आदिवासी महिलांची कुक्कुट सहकारी संस्था उभी केली. तिथला पक्षी ब्रॉयलर आहे, परसातला नव्हे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली : पिल्ले, खाद्य, लस आणि विक्री यांची साखळी एकत्र बांधली तर चार-पाचशे पक्ष्यांची मालकीण बाजारात टिकते. परसातल्या कोंबडीला नेमके हेच आजवर मिळालेले नाही.

बुंदेलखंडात जातीचा पडदाही आहे. अनेक घरांत कोंबडी अंगणात चालत नाही. पाळणारी घरे बहुतेक दलित, सहरिया आदिवासी, मुसलमान. खाणारी घरे मात्र त्याहून पुष्कळ जास्त, म्हणून खरेदी होते ती शांतपणे, संध्याकाळी, पिशवीतून. भाव ठरवताना हा संकोच पाळणाऱ्या बाईच्या विरोधात जातो. ओरडून विकता येत नाही तो माल स्वस्तात द्यावा लागतो.

अंड्याचा सरकारी गिऱ्हाईक उभा राहिला असता तर चित्र बदलले असते. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश शाळेच्या जेवणात अंडे देत नाहीत. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे सुरू केले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा पैसा देणे थांबवले. देशात २०२३-२४ साली माणशी वर्षाला १०३ अंडी उपलब्ध होती. पोषणतज्ज्ञ १८० सांगतात. ही दरी शेडमधली अंडी भरून काढतील. परसाने तिच्यामागे धावू नये. मात्र घरातल्या मुलांना आठवड्यात तीन-चार अंडी मिळावीत, एवढे त्याच घरच्या खुराड्यातून निघू शकते आणि त्याची किंमत बाजारभावात मोजायची गरज नाही.

मग करावे काय

उत्तराचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी डालगे आणि उंच खुराडे, मग गावभर एका दिवशी लस, मग हिवाळी रवण, मग ठरलेल्या सणाला कोंबड्यांची विक्री. हे चार पाय रोवले गेल्यावरच सुधारित जातीचा विचार करावा. तोही झाशीसारख्या ठिकाणी उघड्या मानेच्या, हलक्या, ऊन सोसणाऱ्या पक्ष्याचा, आणि रवणासाठी देशी कोंबड्या राखून. आज योजना नेमकी उलट चालते. पहिल्या दिवशी पिल्ले वाटली जातात, फोटो निघतो. खुराडे आणि लस पुढच्या अंदाजपत्रकात जातात आणि दोन महिन्यांत पिल्ले संपतात. मग अहवालात लिहिले जाते की लाभार्थीला कोंबडीपालनात रस नाही.

दुहेरी कामाची कोंबडी शोधायला संशोधकांनी पन्नास वर्षे घालवली आणि काही उत्तम पक्षी दिले. तरी दुहेरी काम पक्षी एकटा करत नाही, ते घर करते : कोणते अंडे खायचे, कोणते बसवायचे, कोणता कोंबडा राखायचा, कोणता होळीला विकायचा, हे रोज ठरवणारी बाई करते. तिच्या हातात आज शंभरात पंचवीस पिल्ले उरतात. ती सत्तर उरतील एवढे सरकारने, विद्यापीठाने आणि संस्थांनी करावे. अंडी किती आणि मांस किती, हे ती आपले आपण ठरवेल, आणि तिचा हिशेब चुकण्याची शक्यता आपल्या हिशेबापेक्षा कमीच आहे.